बारीक फोडलेली लाकडं

कायानी, २ जुलै १९७४

ओन्नी,

हे पत्र आइलीचं आहे. अक्षर ओळखून पाकीट तसंच बाजूला ठेवावंसं तुला वाटलं असेल. तरी फोडलंस, त्याबद्दल आधी आभार.

कामाचं लिहिते. येत्या शनिवारी आम्ही गाडीने उत्तरेकडे निघतो आहोत. मी, रित्वा आणि सेप्पो. मुलांना उत्तरेचा समुद्र दाखवायचा म्हणून काउकोने तीन वर्षांपूर्वी तंबू विकत घेतला होता. पहिल्या उन्हाळ्यात त्याला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही, दुसऱ्या उन्हाळ्यात गाडीचं इंजिन उतरवावं लागलं, आणि तिसऱ्या उन्हाळ्याआधी तो स्वतःच गेला. तंबू माळ्यावर तसाच पडून आहे. सेप्पो सात वर्षांचा झाला. आणखी थांबले तर त्याला बाबांचं हे बोलणं आठवणारही नाही. म्हणून निघते आहे.

समुद्र म्हटला की तुझं गाव वाटेत येतं. तुझ्या दारात न विचारता उभी राहणार नाही. पण विचारायचं कसं? आम्ही रोज पुढे सरकणार, मी वाटेतून पत्र टाकीन, पण तुला उत्तर धाडायला आमचा पत्ता नसेल. म्हणून एक सुचलं. देशाच्या सीमेच्या अलीकडे तळ्याकाठी ती झोपडी आहे ना, कधीच कुलूप नसलेली, जिथे तू आणि काउको, दोघे भाऊ, दर ऑगस्टात मासे धरायला जायचात? तिथे आम्ही १३ तारखेला मुक्कामाला असू. आम्ही यावं असं तुला वाटत असेल तर तिथे लाकडं फोडून ठेव. नसतील तर मी समजेन. मुक्काम करू आणि दुसऱ्या रस्त्याने समुद्र बघून परतू. राग धरणार नाही.

गाडी मी चालवणार आहे. तू म्हणशील, एवढ्या लांब? पण मला शिकवलं कोणी? काउकोचा धीर पहिल्याच दिवशी संपला होता. बटाट्याच्या शेतात दोन रविवार तू माझ्या शेजारी बसलास आणि एकदाही आवाज चढवला नाहीस. काउको कुंपणावर बसून ओरडायचा, “लावणी झालीय, आइली, परत नांगरू नकोस!” तू म्हणायचास, “त्याच्याकडे बघू नको. रस्ता बघ.” गेल्या सव्वा वर्षात हे वाक्य मी किती वेळा मनात म्हटलं असेल, ते तुला माहीत असायचं कारण नाही.

दर नाताळाला येणाऱ्या सुक्या माशांच्या पुडक्याबद्दलही लिहायला हवं. पाठवणाऱ्याचं नाव कधी नसायचं, पण दोरीच्या गाठी मी ओळखते. काउकोही ओळखायचा. एक अक्षर न बोलता मासा भिजत घालायचा आणि सगळ्यांत मोठा तुकडा स्वतः घ्यायचा. गेल्या नाताळालाही पुडकं आलं. आम्ही तिघांनी मिळून खाल्लं.

काउकोच्या अंत्यविधीच्या दिवशी चर्चमध्ये फार गर्दी होती. आपलं बोलणं राहून गेलं. त्याचं वाईट वाटतं.

आइली


कुउसामो, ८ जुलै

ओन्नी,

तळ्याकाठच्या तंबूंच्या मैदानावर बसून लिहिते आहे. डास इतके आहेत की कागदावर शाई कमी आणि तेच जास्त. रेषा वाकडी झाली असेल तर मी हात झटकला आहे असं समज.

पहिल्या मुक्कामी तंबू उभारायला आम्हाला दोन तास लागले. काउकोने प्रत्येक नळीवर लाल रंगाने आकडे घातले होते, एक ते नऊ. हे त्याने कधी केलं, मला पत्ता नाही. बहुतेक कारखान्याच्या शेडमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. रित्वा आकडे वाचत होती, मी जोडत होते, सेप्पो खुंट्या मोजत होता आणि दर वेळी वेगळा आकडा सांगत होता. शेवटी नववी नळी उरली. रित्वाने ती फिरवून पाहिली. तिच्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: “ही उरली तर तंबू उलटा लागलाय.”

आम्ही हसलो. मग मी थोडा वेळ गाडीमागे जाऊन उभी राहिले. परत आले तोवर मुलांनी तंबू खाली उतरवला होता आणि शेजारी गाडीमागे जोडलेल्या फिरत्या घरातली म्हातारी हातात कॉफीची किटली घेऊन उभी होती. म्हणाली, “बघत होते मघापासून. मध्ये पडायचं नव्हतं. पण कॉफी देण्याला मध्ये पडणं म्हणत नाहीत ना?” मी म्हटलं, नाही म्हणत. तिने मुलांना धिरडी केली, जॅम लावून. नाव विचारायचं राहिलं.

सेप्पोचा एकच हट्ट आहे. त्याला चूल स्वतः पेटवायची आहे, एकट्याने. बाबा पेटवायचे तशी, एका काडीत. इथली लाकडं माझ्या मनगटाएवढी जाड, त्यात ओलसर. काल त्याने अख्खी काडेपेटी संपवली. रित्वा म्हणाली, “जंगल जाळायला निघाला होता, काड्या जाळून परत आला.” तो रडला नाही. लाकडाकडे बघत म्हणाला, “ही लाकडं बाबांएवढी आहेत. माझ्याएवढी असती तर पेटली असती.”

आता माझी फजिती सांगते. रित्वाने विचारलं, “काकांना काय लिहिलंस?” मी सांगितलं.

“आई, झोपडीत लाकडं तर सगळेच फोडून ठेवतात.”

“हो, पण...”

“जितकी जाळली तितकी पुढच्यासाठी ठेवायची. न ठेवणाऱ्याला माणसात धरू नये, असं बाबाच म्हणायचे. लाकडं असणारच. काकांनी ठेवली काय नि रेनडिअर राखणाऱ्याने ठेवली काय, तुला कळणार कसं?”

मी कॉफीचा पेला खाली ठेवला.

“फिरत्या ग्रंथालयाची अर्धी गाडी वाचून काढलीस,” ती म्हणाली, “आणि एवढं सुचलं नाही?”

नाही सुचलं, ओन्नी. चाळीस वर्षं ज्या रीतीत वाढले तीच खूण म्हणून मागितली. म्हणजे आम्ही यायला नको असू, तर तुला तिथे जाऊन दुसऱ्याने ठेवलेली लाकडं जाळून टाकावी लागतील. तू तसं करणार नाहीस. तेव्हा खुणेचं सोडून दे. तुझ्यावर काही टाकत नाही. झोपडीपर्यंत येऊ, पुढचं मी तिथे ठरवीन.

आइली


इनारी, १२ जुलै

ओन्नी,

गाडी बसली. खडीच्या रस्त्याची कड खचली, मागच्या चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटला आणि गाडी एका कुशीवर कलली. एक लाकडांचा ट्रक आम्हाला इथवर ओढत घेऊन आला. नवा पाटा मंगळवारी टपालाच्या बसने येणार. म्हणजे १३ तारीख हुकली. हे पत्र तुला मिळेपर्यंत ती उलटूनही गेली असेल.

गॅरेजवाला फार बोलत नाही. त्याने विचारलं, “नवरा कुठाय?” मी म्हटलं, गेल्या वर्षी मार्चमध्ये वारला. तो गाडीखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा म्हणाला, “तंबू माझ्या अंगणात लाव. सौना सहाला तापेल. आधी तू आणि मुलगी वाफ घ्या, मग मी पोराला घेऊन जातो.” त्याची बायको रोज ताजा काळा पाव आणून ठेवते आणि मी आभार मानायच्या आत निघून जाते. अशी माणसं भेटत गेली की मला माझंच वागणं आठवतं. म्हणून हे पत्र.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं. चर्चमध्ये गर्दी नव्हती. एकोणतीस माणसं होती. मी मोजली होती, कारण समोर बघवत नव्हतं.

फुलं वाहायला आधी मी आणि मुलं गेलो. मी पुष्पचक्राच्या फितीवरची अक्षरं रीतीप्रमाणे मोठ्याने वाचली, कशीबशी. मग भावाची पाळी. तू अगदी शेवटच्या बाकावर बसला होतास, पुष्पचक्र गुडघ्यावर धरून. सगळे थांबले. कोणीतरी मागे वळून पाहिलं. तू जागचा न उठता माझ्याकडे बघितलंस. मी नुसती मान हलवायची होती. मी हातातल्या गीतांच्या पुस्तकात बघत राहिले. पान आठवतं, ओळ आठवते. इतकं लक्ष देऊन मी कधी काही वाचलं नव्हतं. मग कारखान्यातले लोक उठले, त्यांच्यामागून शेजारी उठले, आणि तुझी पाळी निघून गेली.

का केलं ते सांगते. सासूबाईंच्या अंत्यविधीला तू एक दिवस उशिरा पोचलास. बर्फ वितळून रस्ता खचला होता, असं तू म्हणालास. काउकोने विश्वास ठेवला नाही. सहा वर्षं तो तुझ्याशी बोलला नाही. तो गेल्यावर मला वाटलं, त्याचा राग सांभाळायची जबाबदारी आता माझी. त्याचा कोट सांभाळला, घड्याळ सांभाळलं, तसाच रागही. परवा आमच्याच गाडीखाली रस्ता खचला तेव्हा मी चिखलात उभी राहून तुझा विचार करत होते.

आणि नकाशा. या वसंतात मी माळ्यावरून तंबू काढला, तेव्हा पिशवीत काउकोचा नकाशा सापडला. पेन्सिलने रस्ता आखलेला आहे, मुक्कामांवर गोल काढलेत. झोपडीपाशी रेघ संपते. पण खिडकीपाशी धरला तर दिसतं, रेघ पुढे तुझ्या गावापर्यंत गेली होती. त्याने ती खोडली होती. पुन्हा काढली होती. पुन्हा खोडली होती. कागद तिथे कापसासारखा झालाय. म्हणजे जो राग मी जिवापाड जपला, त्याच्याशी तो स्वतः रबर घेऊन झगडत होता. मला विचारलं असतं तर मी रेघ काढ म्हटलं असतं का? माहीत नाही. आता म्हणते.

झोपडीचा दुसरा नियम काउकोनेच मला लग्नानंतर शिकवला. सगळ्यांत शेवटी येईल त्याचा हक्क पहिला. आधी आलेल्यांनी अंग टेकलेलं असतं, चूल शेकलेली असते. तो बाहेरच्या थंडीतून येतो. त्याला झोपायची फळी द्यायची आणि आपण खाली सरकायचं. तू उशिरा आलास, दोन्ही वेळा शेवटी राहिलास, आणि दोन्ही वेळा आम्ही फळी सोडली नाही.

तुझं पुष्पचक्र चर्चच्या ओसरीत कोट टांगायच्या खुंटीवर सापडलं. सगळे गेल्यावर मी ते काउकोच्या कबरीवर ठेवलं. फीत मात्र काढून घेतली, गुंडाळली. ती अजून माझ्याकडे आहे. ओन्नी, मी पिठाच्या पुड्यावर लिहिलेलंसुद्धा वाचते. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून जे हाताला लागलं ते वाचत आले. ती फीत मी उलगडलेली नाही. ती वाचायचा हक्क ज्याने आणली त्याचा.

हे वाचून आम्ही येऊ नये असं वाटलं तर दार लावून घे. तेवढा हक्क मी तुला दिलाच आहे.

आइली


झोपडी, १८ जुलै, सकाळ

ओन्नी,

हे पत्र टपालात टाकत नाही. सेप्पो तुझ्या हातात देईल.

काल संध्याकाळी आम्ही पोचलो. गाडी रस्त्याला ठेवून तीन किलोमीटर पायी, पावसात. सेप्पोच्या बुटांत पाणी, रित्वाच्या पाठीवर दोघांचं ओझं. धुराड्यातून धूर निघताना दिसला तशी रित्वा हळूच म्हणाली, “काका असतील?” माझी पावलं भरभर पडायला लागली.

आत दोन मासे धरणारे होते, ओउलूकडचे, दाढीवाले, मेव्हणे-मेव्हणे. आम्हाला बघितल्याबरोबर दोघे फळीवरून उठले आणि आपलं अंथरूण जमिनीवर टाकायला लागले. मी म्हटलं, “अहो, राहू द्या, आम्ही खाली झोपू.” थोरला म्हणाला, “शेवटी कोण आलं? तुम्ही आलात. मग वाद कसला?” धाकटा म्हणाला, “सोमवारपासून लोळतोय आम्ही. फळीला आमचा आकार आलाय, झोप बरी लागेल.”

चूल विझत आली होती. सेप्पो ओल्या बुटांनीच तिच्यासमोर जाऊन बसला. थोरल्याने त्याला न्याहाळलं.

“नाव काय तुझं?”

“सेप्पो.”

“किती वर्षांचा?”

“सात.”

थोरल्याने मेव्हण्याकडे बघितलं. “हाच दिसतोय.” मग दाराबाहेरच्या वळचणीकडे बोट केलं. “जा, डाव्या बाजूला बघ. तिथलं काही आम्ही जाळलेलं नाही.”

वळचणीखाली दोन ढीग होते. एक नेहमीचा, जाड, जसा कुठल्याही झोपडीत असतो तसा. त्याच्याशेजारी दुसरा. बोटाएवढी लाकडं, एकसारखी, कोरडी ठक्क, माझ्या गुडघ्याइतकी उंच रचलेली. वर बर्चच्या सालीची पट्टी, दगडाखाली दाबून ठेवलेली.

“आम्ही सोमवारी आलो तेव्हा एक माणूस होता इथे,” थोरला सांगत होता. “शनिवारपासून बसलेला. कोणाची तरी वाट बघत असावा, सारखा पायवाटेकडे बघायचा. दिवसभर कुऱ्हाड घेऊन हेच चाललेलं. मी म्हटलं, दात कोरायला करतोस का? तर म्हणाला, एक लहान माणूस यायचाय, मोठी लाकडं त्याचं ऐकत नाहीत.”

“मग गेला का?” मी विचारलं.

“आम्ही आलो ना. म्हणाला, मी दोन रात्री काढल्या, आता तुमची पाळी. अहो, चार फळ्या आहेत, आम्ही दोघं. मी म्हटलं, थांब की. तर पिशवी उचलून निघालासुद्धा. फक्त त्या ढिगाला हात लावू नका म्हणाला.”

धाकटा म्हणाला, “झोपडीत नुसते येऊन बसलो तरी आपण एखाद्याला बाहेर काढतो, हे मला परवा कळलं.”

दोन दिवस वाट बघितलीस आणि रीत म्हणून जागा सोडून गेलास. असं दुसरं कोण करेल, ओन्नी? तुझ्या भावानेही हेच केलं असतं, आणि मी त्याच्यावर चिडले असते.

सेप्पोने लाकडं आत आणली, दोन्ही हातांत मावतील तेवढी. साल खाली, तिच्यावर चार आडवी, चार उभी. दोन दाढीवाले श्वास धरून बसले होते. त्याने काडी ओढली. साल आधी काळी झाली, मग वळली, मग पेटली. एका काडीत. तो मागे वळला आणि आमच्याकडे न बघता चुलीलाच म्हणाला, “ही ऐकतात.”

मग त्यांच्या माशाचं सूप झालं, आमचा पाव, त्यांचीच कॉफी. रित्वाने नळ्यांवरच्या आकड्यांची गोष्ट सांगितली तेव्हा थोरला इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं.

आज पहाटेपासून मी एकाच गोष्टीचा हिशोब लावते आहे. तू शनिवारी इथे होतास. माझं इनारीचं पत्र मी शुक्रवारी टाकलं. म्हणजे मी चर्चमधलं कबूल केलं ते तू वाचलेलं नव्हतंस. तू निघालास तेव्हा तुझ्याकडे फक्त माझी थाप होती, गर्दीची, आणि एका मुलाची तक्रार होती. तेवढ्यावर तू आलास. आता घरी ते पत्र तुझी वाट बघत असेल, किंवा तू ते वाचलंही असशील. मला भीती वाटत नाही असं लिहिलं तर ती दुसरी थाप होईल. पण मी येते आहे.

निघायच्या आधी आम्ही लाकडं फोडली. मी जाड, रित्वाने मध्यम. सेप्पोने रित्वाच्या हाताखाली एक छोटा ढीग केला, वाकडातिकडा, त्यातली निम्मी लाकडं जेमतेम लाकडं म्हणावी अशी. मी म्हटलं, एवढी बारीक कशाला? म्हणाला, “आणखी कोणी लहान आलं तर?” दगडही ठेवला वर.

फीत माझ्या पिशवीत आहे. आज तुझ्या हातात देईन. पण वाचायची तिथे नाही. सप्टेंबरात, रस्ते चांगले असताना, कायानीला ये. उशीर झाला तरी चालेल. आम्ही तिघं काउकोपाशी आधी येऊन बसलेलो असू. तू दिसलास की उठू, आणि तुला जागा देऊ.

आइली